रोबोट घ्या, पण जुनं मशीन विकू नका

पत्र असं आलंय :

"ताई, आमच्या घराला पुढे छोटं आणि मागे मोठं असं मिळून साधारण साडेतीन हजार स्क्वेअर फुटांचं लॉन आहे. दर रविवारची सकाळ ते कापण्यात जाते आणि मागच्या वर्षीपासून कंबर धरायला लागलीये. म्हणून रोबोटिक लॉनमोवर घ्यायचं डोक्यात आहे. दुकानवाला म्हणाला, एकदा सेट केला की विसरून जा. बायको म्हणते, हे मोठ्या माणसांचं खेळणं आहे, चार दिवसांनी धूळ खात पडेल. घरात सहा वर्षांचा मुलगा आहे, एक कुत्रा आहे. मागच्या लॉनमध्ये दोन मोठी झाडं आहेत आणि कुंपणाकडे जरा उतार आहे. पुढून मागे जायला घराच्या कडेने एक अरुंद फरशीची बोळ आहे. घ्यावा की नाही, सरळ सांगा. – रविवार गमावलेला"

दादा, सरळ विचारलंत म्हणून सरळच सांगते. मागच्या लॉनसाठी घ्या, पुढच्यासाठी नको, आणि आत्ता जे मशीन वापरताय ते काहीही झालं तरी विकू नका. दुकानवाल्याचं "विसरून जा" मनावर घेऊ नका, आणि वहिनींचं म्हणणं निम्मं खरं आहे, कुठलं निम्मं ते पुढे येतंच.

माझ्याकडे हा प्राणी चार वर्षं आहे. पहिल्या वर्षी मी त्याला शिव्या घातल्या, दुसऱ्या वर्षी माझ्या लक्षात आलं की चूक त्याची नव्हती, मी त्याच्याकडून भलतंच काम मागत होते. आपल्याला वाटतं की आपण रविवारी जे करतो तेच हा आपल्याऐवजी करणार. तसं नाहीये. तुम्ही करता ती आठवड्याची हजामत, हा करतो ती रोजची दाढी. त्याच्या पोटाखाली एक गोल तबकडी फिरत असते, तिला तीन छोटी पाती स्क्रूने लावलेली असतात, बहुतेक मॉडेल्सना तशीच, आणि ती पाती म्हणजे अक्षरशः जुन्या दाढीच्या ब्लेडसारखी, हातात घेतली तर वजनही जाणवत नाही. ती गवताची टोकं दोन-तीन मिलिमीटर उडवतात, तो भुगा तिथेच गवतात खाली पडतो, दोन दिवसांत दिसेनासा होतो. गोळा करायचा पिंप नाही, पिशवी नाही, काही नाही. आणि तो भुगा वाया जात नाही बरं का, गवताला वर्षभरात जेवढा नायट्रोजन लागतो त्यातला साधारण पाव हिस्सा नुसत्या कापलेल्या गवतातूनच परत मिळू शकतो, म्हणजे खत तेवढं कमी. एका वेळी गवताच्या उंचीचा एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग कापू नये असं लॉनवाले सांगत असतात ना, तो नियम हा आपोआप पाळतो कारण त्याच्यात जास्त कापायची ताकदच नाहीये.

आणि घोडं अडतं ते इथेच. लांब गवत दिलं की याला जमत नाही. एकदा आम्ही तीन आठवडे बाहेर होतो आणि आम्ही निघालो त्याच दिवशी कधीतरी त्याला लॉनची हद्द दाखवणारी वायर तुटली (त्याची कथा सांगते), म्हणजे साहेब तीन आठवडे चार्जिंग स्टेशनवर बसून लाल दिवा लावून आराम करत होते. परत आलो तर गवत घोट्याच्या वर. वायर जोडली, सुरू केला, चार फूट गेला, घरघरला, थांबला. पुन्हा सुरू केला, पुन्हा तेच. शेवटी माळ्यावरून जुनं ढकलायचं मशीन काढलं, आधी उंच सेटिंगवर एकदा, मग दोन दिवसांनी खाली आणून परत एकदा, आणि मगच हा कामाला लागला. म्हणून म्हणते जुनं विकू नका. सलग पाऊस, प्रवास, दुरुस्ती, काहीही कारणाने दहा-बारा दिवस खंड पडला की तुम्हाला तेच लागणार. आणि पुढचं लॉन तर त्यानेच कापायचंय.

पुढचं का नको म्हणते ते ऐका. तुमची बोळ अरुंद आहे. फरशीवरून चालायला त्याच्या चाकांना काही अडचण नाही, अडचण रुंदीची आहे. बरीच मॉडेल्स किमान दोन फूट, काही तर तीन फुटांच्या वर मोकळी वाट मागतात, त्याहून कमी असेल तर आत शिरतात आणि मग भिंतीला डोकं आपटत बसतात. टेप घेऊन मोजा, पाईपचा नळ किंवा मीटरचा डबा भिंतीतून पुढे आलेला असेल तर तिथे मोजा, बाकीच्या ठिकाणी किती रुंद आहे त्याला अर्थ नाही. कोणी म्हणेल मग उचलून पुढे नेऊन ठेवायचा. ठेवा की, पण आठ-दहा किलोचं धूड वाकून उचलायचं, तेही दिवसाआड, आणि तुम्ही पत्रात कंबरेबद्दल लिहिलंय. म्हणजे कंबर वाचवायला घेतलेली वस्तू कंबरेवरच बसणार. छोटं लॉन मशीनने कापायला तुम्हाला वीस मिनिटं लागतील, ती लागू द्या. किंवा पुढे गवतच कमी करा, वाफे वाढवा, कडेला पसरणारी झुडपं लावा, पण तो वेगळा विषय झाला.

आता मागचं. मागचं समजा अडीच हजार स्क्वेअर फूट धरलं तर साधारण दोनशे तीस चौरस मीटर होतात, आणि खोक्यावर आकडा मीटरमध्येच असतो म्हणून तो हिशेब करूनच जा. "अडीचशे चौरस मीटरपर्यंत" असं लिहिलेलं बघून तुम्हाला वाटेल की हेच तर पाहिजे. नका घेऊ. तो आकडा बहुतेक वेळा मोकळ्या, सपाट, अडथळे नसलेल्या जागेचा असतो आणि मशीन जवळपास रोज आणि दिवसाचे खूप तास चालेल असं धरलेलं असतं. तुमच्याकडे मूल आहे, कुत्रा आहे, म्हणजे तुम्ही त्याला दिवसाचे चार-पाच तासच देऊ शकणार, त्यातही अर्धा वेळ तो चार्जिंगला. छोट्या मॉडेलचं असंच असतं, तासभर कापणार की तासभर चार्ज होणार. शिवाय स्वस्तातली मॉडेल्स सरळ रेघेत जात नाहीत, कडेला लागलं की वाटेल त्या दिशेला वळतात, एकाच जागेवरून पाच वेळा जातील आणि कोपरा दोन दिवस तसाच ठेवतील. आठवड्याने सगळीकडे सारखं होतं, पण वेळ जातो. म्हणून दुपटीची क्षमता बघा, चारशे-पाचशे चौरस मीटरवालं.

यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न म्हणजे त्याला तुमची हद्द कळणार कशी. जुनी आणि अजूनही भरवशाची पद्धत म्हणजे वायर. लॉनच्या सगळ्या कडेने, झाडांच्या आणि वाफ्यांच्या भोवतीने एक पातळ वायर फिरवायची, दोन्ही टोकं चार्जिंग स्टेशनला जोडायची, तिच्यातून अगदी हलका सिग्नल जातो आणि मशीनला तो जाणवला की ते मागे फिरतं. वायर एका जागी जरी तुटली तरी सर्किट तुटलं, सगळं बंद. आमची तुटली ती मीच तोडली होती. निघायच्या गडबडीत वाफ्याच्या कडेचं एक रोप हलवलं, खुरपं जरा खोल गेलं, मला कळलंही नाही. आणि परत आल्यावर शोधायची कशी? शंभर-दीडशे मीटर वायर, वर गवत वाढलेलं. एका माळीकाकांनी युक्ती सांगितली, जुना एएम रेडिओ घ्या, स्टेशन लागत नाही अशा जागी काटा ठेवा आणि वायरच्या वरून जमिनीलगत नेत चला, वायरमध्ये सिग्नल असेल तिथे रेडिओत टकटक-गुरगुर ऐकू येते, आवाज बदलला की तुटलेली जागा जवळ आली. मी गुडघ्यावर बसून, कानाला रेडिओ लावून अख्खं आवार फिरले. शेजारच्या आजोबांनी कुंपणावरून विचारलं, काय गाणी लागलीयेत का. तुटलेली जागा मिळाली मात्र वाफ्यापाशीच, जिथे मला आधीच बघायला हवं होतं. जोडताना नुसती पिळून टेप मारू नका, ओलीत महिनाभरात गंजते, आत जेल भरलेले वॉटरप्रूफ कनेक्टर मिळतात ते वापरा आणि दोन-चार जास्तीचे घरात ठेवा.

हल्ली वायरशिवायची मशीन्स जोरात आहेत. त्यातली बरीच आरटीके नावाच्या पद्धतीवर चालतात. आपल्या फोनचं जीपीएस काही मीटर इकडेतिकडे दाखवतं, त्यावर लॉन कापायला सोडलं तर हा शेजाऱ्याचा वाफा कापून येईल, म्हणून तुमच्या आवारात एक वेगळा अँटेना उभा करतात, तो एका जागी स्थिर असतो आणि सिग्नलमधली चूक मशीनला सांगत राहतो, मग अचूकता काही सेंटिमीटरवर येते. ऐकायला छान आहे आणि मोकळ्या लॉनवर खरंच छान चालतं, सरळ रेघा मारत जातं, बघत बसावंसं वाटतं. पण ते सिग्नल येतात वीस हजार किलोमीटरवरच्या उपग्रहांकडून, आणि तुमच्याकडे दोन मोठी झाडं आहेत. दाट झाडाखाली किंवा उंच भिंतीला लागून आकाश दिसत नाही तिथे हे गडबडतं, थांबतं, नाहीतर वाट चुकतं. स्वतः झाडाच्या बुंध्यापाशी उभे राहून वर बघा, आकाशापेक्षा पानंच जास्त दिसत असतील तर नुसत्या आरटीकेवर चालणारं घेऊ नका. कॅमेरा किंवा लायडार, म्हणजे लेझर फिरवून आजूबाजूचं अंतर मोजणारं, अशी जोड असेल तर झाडाखाली निभावतं. नुसत्या कॅमेऱ्यावाल्याला अंधारात दिसत नाही आणि लेन्सवर चिखल उडाला तर दिवसाही दिसत नाही. तुमच्यासाठी माझं मत वायरवालंच बरं, जागा मध्यम आहे, झाडं आहेत, हद्द रोज बदलणारी नाही. एकदाच कष्ट आहेत. वायरशिवायचंच हवं असेल तर मग लायडारवालं बघा, झाडांच्या बाबतीत ते आरटीकेपेक्षा उजवं.

(जाता जाता एक गंमत. रूंबा नावाचा घरात फिरून केर काढणारा रोबोट बनवणारी आयरोबॉट कंपनी लॉनवाला रोबोट करत होती, वायरऐवजी आवारात खांब रोवून रेडिओ सिग्नलने हद्द दाखवायची कल्पना. त्यासाठी त्यांनी अमेरिकेत सरकारची परवानगी मागितली तर रेडिओ दुर्बिणवाले खगोलशास्त्रज्ञ भांडायला उभे, कारण अवकाशातल्या मिथेनॉलचा सिग्नल जवळपास त्याच फ्रिक्वेन्सीवर येतो. २०१५ साली परवानगी मिळाली, २०१९ साली मशीन जाहीर झालं आणि २०२० साली कंपनीने प्रकल्पच बाजूला ठेवला. एवढ्या मोठ्या कंपनीला जे घराच्या आत जमलं ते बाहेर जमलं नाही, यावरून अंगण म्हणजे काय चीज आहे ते समजा.)

उतार. तुम्ही "जरा उतार" लिहिलंय, आणि सगळ्यांचा उतार जराच असतो, मोजेपर्यंत. एक मीटर लांबीची सरळ पट्टी घ्या, वरचं टोक जमिनीला टेकवा, लेव्हल ठेवून पट्टी आडवी धरा आणि खालच्या टोकापासून जमिनीपर्यंत किती सेंटिमीटर आहे ते मोजा. वीस आले तर वीस टक्के उतार, पस्तीस आले तर पस्तीस टक्के. माहितीपत्रकात टक्के लिहिलेत की डिग्री हे नीट बघा हं, पस्तीस टक्के म्हणजे जेमतेम एकोणीस-वीस डिग्री, यात भले भले फसतात. साधी दोन चाकं फिरवणारी मशीन्स तीस-पस्तीस टक्क्यांपर्यंत चढतात, चारही चाकं फिरणारी त्याहून बरंच जास्त. पण खरी मेख अशी की हा आकडा लॉनच्या मधल्या उताराचा असतो, काठावरच्या उताराला मर्यादा त्याहून बरीच कमी असते, कित्येकदा निम्म्याहूनही. कारण उघड आहे, उतरत आला, हद्द लागली, ब्रेक मारला, गवत ओलं, घसरला, गेला वायरच्या पलीकडे. आणि तुमचा उतार कुंपणाकडेच जातोय. म्हणून खालच्या बाजूला हद्द कुंपणापासून दोन-तीन फूट अलीकडे घ्या आणि तो पट्टा लॉन म्हणून सोडूनच द्या, तिथे काहीतरी झुडपं लावून टाका.

मूल आणि कुत्रा. इथे मी कडक आहे. ही मशीन्स उचलली किंवा कलंडली की पाती लगेच थांबतात, वर मोठं स्टॉपचं बटण असतं, पिन टाकल्याशिवाय सुरू होत नाहीत, पाती कडेपासून आत असतात, हे सगळं खरं आहे आणि तरीही मशीन चालू असताना मुलगा आणि कुत्रा दोघंही लॉनवर नकोत. सहा वर्षांचं मूल म्हणजे त्याला हात लावून बघणारच, त्यावर बसून बघणारच, माझ्या भाचीने तर त्याला पांघरूण घातलं होतं. म्हणून मुलगा शाळेत असतानाचे तास त्याला द्या, टायमरमध्ये टाकून ठेवा, आणि सुट्टीच्या दिवशी बंद. पिन मुलाला कळू देऊ नका, हे सांगायला नको पण सांगते, कारण माझ्या घरात तो मशीनलाच चिकटवून ठेवला होता.

कुत्र्याचं अजून एक. तो लॉनवर शी करत असेल तर मशीन निघायच्या आधी ती उचललीच पाहिजे. नाही उचलली तर मशीन ती चाकांनी घेऊन सगळ्या लॉनभर वाटणार आणि मग तुम्ही त्याच्या चाकांच्या खाचा जुन्या टूथब्रशने साफ करत बसणार. यावर जास्त लिहीत नाही. कुत्र्याला उकरायची सवय असेल तर खड्डे बुजवा, पुढचं चाक खड्ड्यात गेलं की हा तिथेच फिरत बसतो आणि आणखी खोल करतो.

आणि रात्री चालवू नका. आवाज नसतो म्हणून लोकांना मोह होतो, खरंच नसतो, साठ डेसिबलच्या आसपास, पेट्रोलचं मशीन नव्वदच्या वर जातं. पण रात्री लहान प्राणी बाहेर पडतात आणि बेडूक किंवा हेजहॉगसारखा छोटा काटेरी प्राणी पळत नाही, जागच्या जागी अंग चोरून बसतो, आणि तिथेच मार खातो. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अठरा मॉडेल्स मेलेल्या हेजहॉगवर तपासली, तर प्राण्याला धक्का लागेपर्यंत एकाही मॉडेलला तो कळला नव्हता, आणि काहींनी त्याला चांगलंच कापलं. कॅमेरेवाली मशीन्स आता सुधारतायत म्हणे, पण उजेडात चालवणं फुकट आहे, तेच करा.

आता वहिनींचं निम्मं खरं. त्या म्हणतात चार दिवसांनी धूळ खाईल, तर ती भीती मशीन टाकाऊ आहे म्हणून नाही, तर तुमच्या रविवारच्या कामाऐवजी जी रोजची बारीकसारीक कामं येतात ती कोणी करणार नाही म्हणून आहे. खेळणं म्हणाल तर तसं नाही, गवत कापायचं पहिलं यंत्र एडविन बडिंग नावाच्या इंग्रज माणसाने १८३० साली केलं, तेही लोकरी कापडावरची लव कापायच्या मशीनवरून सुचलं, आणि आपोआप फिरणारं सौर ऊर्जेवरचं मशीन हस्क्वार्नाने १९९५ साली आणलं, म्हणजे ही कालपरवाची फॅशन नाही. पण रोजचं काम आहे. लॉनवर पडलेली फळं, फांद्या, चेंडू, पाण्याचा पाईप, सॉक्स, उडी मारायची दोरी, सगळं रोज उचलायचं. दोरी तर अजिबात विसरू नका, ती तबकडीत गुंडाळली जाते आणि मग मशीन उलटं करून, मेन स्विच बंद करून, जाड हातमोजे घालून कात्रीने तुकडे तुकडे काढत बसावं लागतं, मी बसलीये. पाती महिन्या-दोन महिन्यांनी बदलायची, सगळी एकदम आणि स्क्रूसकट, एकच नवीन लावलं तर तबकडी डगमगते. बोथट पात्याने गवत कापलं जात नाही, फाटतं, आणि दोन दिवसांनी सगळ्या लॉनची टोकं तपकिरी दिसायला लागतात, तेव्हा पाणी कमी पडतंय असं वाटून लोक पाईप मारत बसतात. पोटाखाली चिकटलेला लगदा आठवड्याला ब्रशने खरवडायचा. पाण्याने धुवायचं झालं तर आधी पुस्तिकेत बघा, सगळी मशीन्स खालून पाणी मारलेलं सहन करत नाहीत, आणि प्रेशरचा पाईप तर कुठल्याच मशीनला नको.

शिवाय कडा राहतातच. चाकं बाहेर, पाती आत, म्हणजे भिंतीला लागून सहा-आठ इंचांची पट्टी तो कापूच शकत नाही. त्यावर उपाय म्हणजे लॉनच्या पातळीला एक फरशीची ओळ बसवायची, म्हणजे एक चाक फरशीवरून जातं आणि गवत कडेपर्यंत कापलं जातं. नाहीतर दोन आठवड्यांनी ट्रिमर घेऊन फिरायचं, मागच्या लॉनला अर्धा तास. झाडांची वर आलेली मुळं असतील तर बुंध्याभोवती गोल सोडून द्या, मुळावर चढला की पाती मुळाला घासतात.

पावसाचंही सांगते. भिजून बिघडत नाही, पण ओल्या गवताचे गोळे होतात आणि चाकं त्याच त्याच जागी चिखल करतात, विशेष करून स्टेशनच्या तोंडाशी, तिथे तर बारा महिने टक्कल असतं. रेन सेन्सर असेल तर चालू ठेवा, नसेल तर स्वतः बंद करा. विजा कडाडायला लागल्या की स्टेशनचा प्लग काढा आणि वायरची टोकंही स्टेशनमधून सोडवा, कारण ती लांबलचक वायर म्हणजे अँटेनाच, जवळपास वीज पडली तर बोर्ड जळतो. माझा एकदा गेलाय. दुकानदाराने वॉरंटीत बसत नाही म्हणून हात वर केले. विजेच्या बिलाची मात्र चिंता नको, छोट्या मॉडेलला एका चार्जला पंखा तास-दीड तास चालवल्याइतकीच वीज लागते.

मग घ्यायच्या आधी काय करायचं, तर पंधरा दिवस एक वही ठेवा. रोज सकाळी मुलगा शाळेत गेला की मागच्या लॉनवर एक चक्कर मारा, गवतावरून काय काय उचलावं लागलं आणि किती मिनिटं गेली ते लिहा. वहिनींनाही दोन-चार दिवस करू द्या, म्हणजे हिशेब दोघांचा. पाच-सात मिनिटांत आटपतंय असं दिसलं तर बेलाशक घ्या, रविवार परत मिळेल आणि कंबरही. रोजची वीस मिनिटं जायला लागली, किंवा चौथ्या दिवशीच वही सापडेनाशी झाली, तर वहिनी जिंकल्या, मग बॅटरीवरचं हलकं ढकलायचं मशीन घ्या, जे स्वतःच्या चाकांनी पुढे जातं, कंबरेला तेही बरंच सोपं आहे.

दुकानात मॉडेलचे फीचर्स ऐकत बसू नका, तीन गोष्टी विचारा. पाती सुटी मिळतात का आणि कुठे, बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागणार आहे ती घरी बदलता येते का, आणि बिघडलं तर दुरुस्ती कोण करतं, दुकानवाला स्वतः की खोक्यात घालून कुठेतरी पाठवायचं. गवताची उंची किती ठेवता येते तेही बघा, बरीच मॉडेल्स दोन ते सहा सेंटिमीटरच्या मधलं कापतात, तुमचं गवत जाड पानाचं असेल किंवा झाडाखाली सावलीत असेल तर त्याला वरचीच उंची लागते.

आणि घेतलाच, तर पहिले तीन आठवडे वायर पुरू नका. नुसत्या खुंट्या ठोकून गवतावर घट्ट बसवा, कुठे सैल लोंबकळत ठेवू नका नाहीतर तो स्वतःचीच वायर कापतो. पहिल्या दिवशी खुर्ची टाकून बसा आणि तो कुठे अडकतो, कुठे घसरतो, कुठला कोपरा चुकवतो ते बघा, त्याप्रमाणे वायर अर्धा फूट आत-बाहेर करा. तीन आठवड्यांत गवत तिच्यावर चढतं आणि ती दिसेनाशी होते, पुरायची बहुतेक वेळा गरजही पडत नाही. फक्त दिसेनाशी व्हायच्या आधी सगळ्या कडेने फिरून मोबाईलवर फोटो काढून ठेवा, जोड कुठे कुठे आहेत ते तर नक्कीच, आणि तो फोटो वहिनींच्या फोनवरही पाठवा, कारण खुरपं कोणाच्या हातात असेल सांगता येत नाही.